कुंपणापलीकडचा चेंडू

नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात एक जुना प्रश्न येतो. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत एखादे रत्न सापडले, तर ते कोणाचे? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जी वस्तू पूर्वी कधीही कोणाच्या मालकीची नव्हती, ती ज्याच्या हाती लागेल त्याची. रस्त्यात पडलेल्या पैशांच्या थैलीची गोष्ट निराळी. तिच्यामागे हळहळणारा कोणी तरी मालक असतो आणि त्याचा शोध घेणे हे सापडणाऱ्याचे कर्तव्य ठरते. हे दोन्ही प्रकार समजण्यास कठीण नाहीत. परंतु आणखीही एक प्रकार आहे. त्यात वस्तूला मालक असतो, तो समोरच उभा असतो, वस्तू त्याच्या ताब्यातून सुटताना हजारो डोळ्यांनी पाहिलेली असते, आणि तरीही तो ती परत मागत नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानांवर हे उन्हाळ्याच्या जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी घडत असते.

आपल्या वाचकांना बेसबॉलचे फारसे अगत्य नाही हे आम्ही जाणून आहोत. आपली मुले क्रिकेटवर वाढली. म्हणून क्रिकेटच्याच आधाराने दोन शब्द सांगतो. क्रिकेटमध्ये षटकार प्रेक्षकांत गेला, की तो झेलणारा माणूस क्षणभर मिरवतो आणि चेंडू मैदानात परत फेकतो. फेकावाच लागतो, कारण पुढचा खेळ त्याच चेंडूने व्हायचा असतो. क्रिकेटचा चेंडू जुना होण्यातच गोलंदाजाची निम्मी विद्या असते. कसोटी सामन्यात ८० षटके होईपर्यंत नवा चेंडू मिळत नाही. बेसबॉलमध्ये याच्या नेमके उलट. चेंडूवर एखादा डाग पडला, ओरखडा उठला, की पंच तो बाजूला काढतो. एका सामन्यात शंभराहून अधिक चेंडू लागतात. त्यांतील काही कुंपणापलीकडे प्रेक्षकांत जाऊन पडतात. फलंदाजाने सरळ कुंपणापार मारलेला तो होम रन. सीमारेषेच्या बाहेर तिरपा उडालेला तो फाउल बॉल. दोन्ही, ज्याला मिळाले त्याचे.

स्वच्छ चेंडूच्या या आग्रहामागे एक मृत्यू आहे. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्क येथील सामन्यात क्लीव्हलंड संघाच्या रे चॅपमन या खेळाडूच्या डोक्यावर चेंडू आदळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने प्राण सोडले. त्या काळी एकच चेंडू मातीने आणि थुंकीने काळवंडेपर्यंत वापरीत. तो त्याला दिसलाच नसावा असे अनेकांनी म्हटले. त्यानंतर मळलेला चेंडू ताबडतोब बदलण्याचा दंडक कडक झाला.

चेंडू प्रेक्षकांनी ठेवून घेण्याची रीत मात्र संघमालकांनी सहजासहजी मान्य केली नाही. शिकागोच्या चार्ल्स वीगमन या मालकाने १९१६ साली प्रेक्षकांना तशी मुभा दिली, तेव्हा इतरांना तो उधळेपणा वाटला. १९२१ साली न्यूयॉर्कच्या मैदानावर रूबेन बर्मन नावाच्या प्रेक्षकाने आलेला चेंडू परत न करता तो मागच्या लोकांत भिरकावला. त्याला कार्यालयात नेऊन दरडावण्यात आले आणि मैदानाबाहेर काढण्यात आले. त्याने अपमानाबद्दल २०,००० डॉलरचा दावा लावला. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल देऊन १०० डॉलर दिले. त्याच दशकाच्या आरंभी फिलाडेल्फियामध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाने चेंडू खिशात घातला म्हणून त्याला एक रात्र कोठडीत काढावी लागली. न्यायाधीशाने सकाळी त्याला सोडून दिले. एका चेंडूपायी पोराला कोठडीत टाकणाऱ्या मालकांची सर्वत्र छी थू झाली आणि हळूहळू ती रीत सर्वमान्य झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रेक्षक असे चेंडू आपण होऊन परत करीत, कारण ते सैनिकांच्या खेळासाठी पाठवले जात. मागणारा कोण आहे आणि कशासाठी मागतो आहे, यावर देणाऱ्याचा हात किती सैल होतो हे अवलंबून असते.

चेंडू म्हणजे तरी काय? बुचाचा आणि रबराचा गाभा, त्यावर लोकरीच्या धाग्याचे वेढे, वर गाईच्या चामड्याचे दोन तुकडे आणि ते सांधणारे लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. वजन पाच औंसांच्या किंचित वर. हे टाके आजही हातानेच घालावे लागतात. अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धांचे चेंडू कोस्टा रिका या छोट्या देशातील तुरियाल्बा गावी शिवले जातात. या खेळात प्रत्येक गोष्टीची नोंद होते. चेंडू कोणी टाकला, कोणी टोलवला, कोणी झेलला, सारे लिहिले जाते. शिवला कोणी, एवढेच कोठे लिहिलेले आढळत नाही.

आता छंदाकडे वळू. तिकीट काढून आलेली मोठमोठी माणसे हातात चामड्याचा हातमोजा घालून बसतात, या आशेने की आज आपल्याकडे चेंडू येईल. कित्येकांच्या नशिबी तो आयुष्यभर येत नाही. उलट काहींनी या प्रतीक्षेचे शास्त्र केले आहे. न्यूयॉर्कचे झॅक हॅम्पल यांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून बारा हजारांहून अधिक चेंडू जमवले आणि चेंडू कसे मिळवावेत यावर १९९९ साली पुस्तकही लिहिले. असे छांदिष्ट सामन्याच्या दीड-दोन तास आधी, फलंदाजीचा सराव चालू असतानाच येऊन उभे राहतात. दोन्ही संघांच्या टोप्या जवळ ठेवतात. कोणता खेळाडू कोणत्या देशातून आला आहे हे पाहून त्याच्या मातृभाषेत चेंडू मागतात. यात काही जणांना हावरेपणा दिसतो. आम्हांला त्यात निरागसपणाही दिसतो, कारण त्या हजारो चेंडूंपैकी बहुतेकांना बाजारात फारशी किंमत नसते, आणि पुष्कळसे चेंडू शेजारच्या एखाद्या मुलाच्या हाती जातात.

किंमत येते ती दुसरीकडून. बेसबॉलचा चाहता हा आकड्यांचा भांडारी असतो. १९२७ साली बेब रूथने ६० होम रन मारले. १९४१ साली जो डिमॅजिओने ओळीने ५६ सामन्यांत यशस्वी टोले मारले. हँक ॲरनची कारकिर्दीची बेरीज ७५५. हे आकडे आजोबा नातवाला सांगतो आणि नातू चुकला तर शेजारी बसलेला परका माणूस त्याला दुरुस्त करतो. या माहितीला ते लोक ‘ट्रिव्हिया’ म्हणजे किरकोळ म्हणतात. तिच्यावरून कोणाचे पोट भरत नाही हे खरे. परंतु ज्या देशात माणसे सतत गाव बदलतात, तेथे या किरकोळ माहितीनेच अनोळखी माणसांना एकमेकांची ओळख पटते. तीच माहिती एखाद्या चेंडूला चिकटली, की पाच-दहा डॉलरच्या चामड्याचे लाखो डॉलर होतात.

उदाहरणे पाहा. १९९८ साली मार्क मॅग्वायरने एका मोसमात ७० होम रन मारले. त्याच्याकडे टाकल्या जाणाऱ्या चेंडूंवर अदृश्य शाईने गुप्त खुणा केल्या होत्या, म्हणजे पुढे तोतया चेंडू निघू नयेत. (पवित्र अवशेषांच्या खरेखोटेपणाच्या बाबतीत चर्चलाही असाच जुना अनुभव आहे, मात्र कॅनन कायद्याच्या ११९० व्या कलमाने अवशेषांची विक्री सक्त मना केली आहे, बेसबॉलने केलेली नाही.) त्याचा सत्तरावा चेंडू १९९९ च्या लिलावात सुमारे ३० लाख डॉलरला गेला. २०१० साली मॅग्वायरने उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली. चेंडू तोच, टाके तेच, खूण तीच. पण त्याला आता तेवढी किंमत येणार नाही असे सर्वजण धरून चालले. याचाच अर्थ, ते ३० लाख चामड्याचे नव्हतेच. ते लोकांच्या आठवणीचे होते, आणि आठवण विटली तशी किंमत गेली. चेंडू एकाच्या खिशात असतो, परंतु ज्यामुळे तो मोलाचा ठरतो ते सर्वांचे असते. या प्रकरणातील सारी नैतिक अडचण येथे आहे असे आम्हांला वाटते.

ती अडचण न्यायालयात कशी उभी राहते ते २००१ साली दिसले. ७ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्को येथे बॅरी बाँड्सने मोसमातील ७३ वा होम रन मारून नवा विक्रम केला. उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत एका माणसाच्या हातमोज्यात चेंडू शिरला. तो नीट धरला गेला की नाही हे कळण्यापूर्वीच आजूबाजूची गर्दी त्याच्यावर कोसळली. तो खाली दबला, लोकांनी ओढाताण केली, चावेही घेतले गेल्याचे आरोप झाले. या रेट्यात ढकलला गेलेला दुसरा एक माणूस खाली पडला असता त्याला सुटा चेंडू दिसला. त्याने तो उचलून खिशात घातला. पहिल्याने दावा लावला. चित्रफितीची एकेक चौकट तपासली गेली. न्यायाधीश केविन मॅकार्थी यांनी कायद्याच्या प्राध्यापकांची मते मागवली आणि शिकारीचे, मासेमारीचे जुने खटले धुंडाळले गेले. न्यूयॉर्कमध्ये १८०५ साली असा खटला झाला होता: एक जण कोल्ह्याचा पाठलाग करीत होता, दुसऱ्याने मध्येच येऊन तो मारून नेला. न्यायालयाने म्हटले, नुसत्या पाठलागाने मालकी येत नाही.

मग हातमोज्यात क्षणभर शिरलेल्या चेंडूची मालकी येते काय? डिसेंबर २००२ मध्ये निकाल लागला. पहिल्या माणसाने चेंडू पूर्णपणे ताब्यात घेतला होता हे सिद्ध झाले नाही. परंतु तो घेण्याची संधी बेकायदा झुंडशाहीने हिरावून घेतली, हा त्याच्यावर अन्याय होता. दुसऱ्याने कोणताही गैरप्रकार केला नव्हता. तोही त्या झुंडीचा बळीच होता. म्हणून चेंडू विकावा आणि रक्कम निम्मी निम्मी वाटावी.

येथे आपल्यापैकी प्रत्येकाला शलमोन राजाची तलवार आठवेल. एका बालकावर दोन स्त्रिया हक्क सांगत होत्या. राजाने बालकाचे दोन तुकडे करण्याची आज्ञा देताच खरी आई म्हणाली, त्याला मारू नका, तिलाच देऊन टाका. राजाला हवा होता तो पुरावा त्या सोडण्यातून मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशांसमोर असे सोडणारे कोणी नव्हते, आणि कायदा तशी अपेक्षाही करू शकत नाही. म्हणून त्यांनी तलवार खरोखरच चालवली. आम्हांला हा निकाल न्याय्य वाटतो. त्यांनी लोभाला बक्षीस दिले नाही आणि झुंडीचा दोष एका निरपराध माणसाच्या माथी मारला नाही. जून २००३ मध्ये चेंडूला साडेचार लाख डॉलर आले, अपेक्षेपेक्षा फार कमी. पहिल्या माणसाच्या वाट्याला जेवढे आले त्याहून अधिक शुल्क त्याच्या वकिलाने पुढे मागितले.

संत थॉमस मालकीच्या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहतात. वस्तू मिळवणे, सांभाळणे आणि तिची व्यवस्था लावणे या बाबतीत माणसाला खासगी मालकी असावी. त्यावाचून कोणी कशाची काळजी घेणार नाही. परंतु वापराच्या बाबतीत माणसाने ती वस्तू केवळ आपलीच आहे असे समजू नये. इतरांच्या गरजेला ती सहज पुढे करता यावी. विक्रमाचा चेंडू या कसोटीला लावला, तर पहिला प्रश्न सहज सुटतो: तो झेलणाऱ्याचाच. दुसरा तेवढा सहज सुटत नाही. त्याने तो फलंदाजाला परत करावा काय? संग्रहालयाला द्यावा काय? विकावा काय?

१९९८ साली मॅग्वायरचा ६२ वा चेंडू प्रेक्षकांत न जाता कुंपणामागे पडला आणि तो मैदानाची निगा राखणाऱ्या एका तरुण कामगाराला सापडला. त्याने त्याच रात्री तो हसतमुखाने खेळाडूच्या हाती दिला. असा चेंडू परत करणाऱ्यावर दानाचा कर बसेल की काय अशी चर्चा नुकतीच झडून गेली होती, आणि कर खात्याला घाईने खुलासा करावा लागला होता. ९ जुलै २०११ रोजी डेरेक जेटरचा ३००० वा यशस्वी टोला होम रन ठरला. तो चेंडू ज्या तरुणाला मिळाला त्याच्या डोक्यावर शिक्षणाचे मोठे कर्ज होते. त्यानेही काही न मागता चेंडू परत केला. २०१५ साली ॲलेक्स रॉड्रिग्जच्या ३००० व्या टोल्याचा चेंडू नेमका वर सांगितलेल्या हॅम्पल यांच्याच हाती आला. त्यांनी आधी नकार दिला, मग संघाने मुलांना खेळाचे साहित्य देणाऱ्या संस्थेला दीड लाख डॉलर द्यावेत या बोलीवर तो दिला. पहिल्या दोघांची वर्तमानपत्रांनी वाहवा केली, तिसऱ्यावर टीका झाली. आम्हांला ही टीका पटत नाही. त्यांना स्वतःच्या खिशात काही घालायचे नव्हते; ज्यांना परवडत होते त्यांना त्यांनी गरजू मुलांसाठी हात सैल करायला लावला.

कारण या साऱ्या प्रकरणांत एक गोष्ट नजरेआड होते. परत द्या असे म्हणणारा संघ कोट्यधीशांचा असतो, खेळाडूही कोट्यधीश असतो, आणि ज्याने द्यायचे तो पुष्कळदा हातावर पोट असलेला असतो. १९६१ साली रॉजर मॅरिसने ६१ वा होम रन मारून रूथचा विक्रम मोडला. तो चेंडू ब्रुकलिनमधील एकोणीस वर्षांच्या एका ट्रकचालकाला मिळाला. मुलाने तो परत करू केला, तर मॅरिस म्हणाला, तू ठेव, यावर तुला काही मिळव. त्याला पाच हजार डॉलर मिळाले. नुकतेच लग्न ठरलेल्या त्या मुलाला ती रक्कम लहान नव्हती. या साऱ्या इतिहासात आम्हांला सर्वांत भावलेला माणूस हा मॅरिस आहे. ज्याला मागण्याचा सर्वाधिक अधिकार होता त्याने मागितले नाही.

याच्या उलट घटना १९७६ सालची. हँक ॲरनचा ७५५ वा होम रन, जो त्याचा शेवटचा ठरला, मिलवॉकी येथे मैदानावरील एका कामगाराने उचलला. चेंडू आपण स्वतः ॲरनच्या हाती देऊ, एवढेच त्याचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांना ते उद्धटपणाचे वाटले. त्यांनी त्याला कामावरून काढले आणि शेवटच्या पगारातून चेंडूचे म्हणून पाच डॉलर कापून घेतले. ज्या चेंडूला पुढे १९९९ साली साडेसहा लाख डॉलर आले, त्याची संघाने स्वतःच्या हाताने लिहिलेली किंमत ही! विक्रीनंतर त्या माणसाने रकमेतील एक हिस्सा ॲरनच्या मुलांसाठीच्या दानसंस्थेला दिला. त्याला तसे करण्यास कोणी भाग पाडले नव्हते.

परत करणे हे दान आहे. ते ऋण म्हणून वसूल करता येत नाही. आणि दान करायला लावण्याची सर्वांत मोठी घाई असते ती गर्दीला, कारण गर्दीचे त्यात काही जात नाही. शिकागोच्या रिगली मैदानावर विरुद्ध संघाने मारलेला होम रन झेलणाऱ्याने तो तिरस्काराने परत फेकावा असा प्रघात आहे. सारे जण ओरडून त्याला भाग पाडतात. मुरलेले प्रेक्षक म्हणूनच एक साधा चेंडू घरून खिशात घालून आणतात. खरा चेंडू पिशवीत जातो, साधा मैदानात, आणि गर्दी टाळ्या वाजवते. या कृतीला असत्य म्हणावे की आत्मसंरक्षण, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोडतो.

गर्दीचे रूप नेहमीच इतके हसण्यासारखे राहत नाही. ५ सप्टेंबर २०२५ रोजी मायामी येथे एका वडिलांनी होम रनचा चेंडू उचलून आपल्या लहान मुलाला दिला. तो माझ्या आसनाजवळ पडला होता, असे म्हणत एक बाई त्यांच्यावर तुटून पडली. वाद नको म्हणून त्यांनी मुलाकडून चेंडू घेऊन तिला देऊन टाकला. मुलाला नंतर खेळाडूने सही केलेली बॅट दिली. येथवर ठीक. पण ती चित्रफीत जगभर फिरली आणि लाखो लोक त्या बाईचा शोध घेऊ लागले. त्यांनी काही भलत्याच स्त्रियांची नावे जाहीर केली. त्यांना आणि एका शाळाखात्याला आपला या प्रकाराशी संबंध नसल्याचे सांगावे लागले. बाईचे वागणे दांडगाईचे होते. तिच्या नावाने ज्यांना शिव्याशाप मिळाले त्यांनी काय केले होते?

आणि १४ ऑक्टोबर २००३ ची रात्र. शिकागो कब्ज हा संघ १९४५ नंतर प्रथमच अंतिम मालिकेत जाण्याच्या बेतात होता. आठव्या डावात तीन धावांची आघाडी. आणखी पाच गडी बाद करायचे. कुंपणालगत एक फाउल बॉल उंच उडाला. चार-पाच प्रेक्षकांनी, तेथे बसलेला कोणीही करील तसे, हात वर केले. त्यांतील एका चष्मेवाल्या तरुणाच्या हाताला चेंडू लागला आणि खाली झेल घेण्यास उडी मारलेल्या मोइझेस अलूच्या हातून तो गेला. पंचांनी अडथळा मानला नाही. त्यानंतर संघाच्या गोलंदाजांनी मार खाल्ला, एका क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला, विरुद्ध संघाने आठ धावा काढल्या. पण चाळीस हजारांचा जमाव त्या एका तरुणाकडे बोट दाखवून ओरडत राहिला. त्याच्यावर पेये आणि कचरा फेकला गेला. रखवालदारांनी त्याला लपवत बाहेर काढले; त्याच्या घराभोवती पोलीस पहारा ठेवावा लागला. तो चेंडू एका उपाहारगृहाने एक लाख डॉलरहून अधिक देऊन विकत घेतला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये समारंभपूर्वक स्फोटाने उडवून दिला.

त्या तरुणाला मुलाखतींसाठी आणि जाहिरातींसाठी मोठमोठ्या रकमा देऊ करण्यात आल्या. त्याने एकही स्वीकारली नाही आणि तो लोकांपुढे आला नाही. २०१६ साली कब्ज संघाने १९०८ नंतर प्रथमच जगज्जेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी, ३१ जुलै २०१७ रोजी, संघाने खेळाडूंना दिलेली विजेतेपदाची अंगठी त्यालाही दिली. २००३ च्या त्या रात्री चेंडू त्याच्या हाताला लागून उडाला तो दुसऱ्याच एका प्रेक्षकाने उचलला होता. त्याच्या हाती तो कधी आलाच नव्हता.